हिवाळा, मोटारीची बॅटरी आणि जयणा

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो. साधू-साध्वींचे विहार सुरू होतात, शत्रुंजयाची यात्रा खुली होते आणि व्यापारी घरांचे पायही मोकळे होतात. लग्नसराई, गजपंथ आणि मांगीतुंगीची दर्शने, नातेवाइकांकडील पारणी, मालाच्या खरेदीसाठी करावे लागणारे दौरे या साऱ्याचा भार घरातील मोटारीवर येतो. आणि नेमकी याच दिवसांत, पहाटेच्या गारठ्यात, किल्ली फिरवूनही मोटार जागची हलत नाही.

नाशिक जिल्ह्यातील निफाड-लासलगावचा पट्टा हा कांद्याच्या आणि द्राक्षांच्या व्यापाराचा. येथे जैन कुटुंबांच्या पेढ्या आणि कांद्याची खळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा काही वर्षी 5 अंशांच्याही खाली उतरतो. अशा दिवसांत मंदिराच्या पायऱ्यांवर किंवा लिलावापूर्वी बाजार समितीच्या आवारात मोटारींची आवड असणारी मंडळी जमली, की ठरलेला विषय निघतो.

“काका, आज मुलाच्या स्कूटरवर कसे?”

“अरे, सेल्फ मारला तर नुसती टकटक. मग तीही बंद. थंडीने बॅटरी खाल्ली.”

मग सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणतो, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ढकला. कोणी म्हणतो, आवारात एवढे ट्रक उभे आहेत, एखाद्यावरून केबल जोडा. कोणी सांगतो, बॅटरीत थोडे ॲसिड घाला, पुन्हा तरणी होईल. या गप्पांत आपुलकी असते आणि थोडा अनुभवही असतो. मात्र यांतील काही सल्ले थेट धोक्याचे आहेत आणि मुळातले निदानही पुरते बरोबर नाही. आपल्याकडची थंडी बॅटरीला सहसा मारत नाही. उन्हाळ्याने आणि वर्षभराच्या दुर्लक्षाने जे आधीच झिजवलेले असते, ते थंडी एका सकाळी उघडे पाडते.

पेटीच्या आत

शिसे आणि आम्ल यांवर चालणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये तयार केली. मोटारीला मात्र ती पुढे बऱ्याच वर्षांनी अत्यावश्यक झाली. आरंभीच्या काळात इंजिन हाताने दांडा फिरवून सुरू करावे लागे आणि तो उलटा फिरला तर मनगट मोडत असे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने विकसित केलेला विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत आला, आणि बॅटरी हा मोटारीचा अविभाज्य भाग झाला. जुन्या जीपचे ‘हँडल मारणे’ पाहिलेले ज्येष्ठ वाचक आजही घरोघरी आहेत.

12 व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा सुमारे 2.1 व्होल्ट देतो. शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज बाहेर जाते तेव्हा पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो; इंजिन सुरू असताना अल्टरनेटरकडून वीज परत आली, की तो विरघळतो. व्यापाऱ्याच्या भाषेत हे चालू खाते आहे. सेल्फ हा एका क्षणात वटणारा मोठा धनादेश. दिवे, पंखा, संगीत या किरकोळ उचली. आणि इंजिन चालणे हा भरणा. खात्यात शिल्लक ठेवली नाही आणि बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धी रिकामी राहिली, तर सल्फेटचे स्फटिक कठीण होऊन बसतात. मग कितीही भरणा केला तरी तेवढी जागा पुन्हा कामास येत नाही.

उन्हाळ्याची झीज, हिवाळ्याची परीक्षा

मालेगाव-मनमाडकडे मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या बोनेटखाली उष्णता याहूनही अधिक असते. बॅटरीच्या व्यवहारात एक ढोबळ ठोकताळा मानतात: तापमान सतत 10 अंशांनी अधिक राहिले, तर आयुष्य सुमारे निम्मे होते. उष्णतेने आतील पाणी कमी होते, पट्ट्यांची जाळी गंजते आणि त्यांवरील लेप सुटू लागतो. तरीही उन्हाळ्यात मोटार सुरू होत राहते, कारण गरम हवेत रासायनिक क्रिया वेगाने होते आणि इंजिनातील तेलही पातळ असते. झीज झाकलेली राहते.

हिवाळ्यात दोन्ही बाजू उलटतात. 0 अंशाला बॅटरीची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते, आणि त्याच वेळी तेल घट्ट झाल्याने इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. नवी, भरलेली बॅटरी निफाडच्या थंडीत सहज तगते. चार उन्हाळे सोसलेली बॅटरी त्या पहाटे हार मानते आणि दोष थंडीच्या नावे लागतो.

ज्या घरांतील मुले शिकागो किंवा टोरोंटोकडे स्थायिक झाली आहेत, तेथील गोष्ट वेगळी. उणे 18 अंशांत बॅटरीची निम्म्याहून अधिक ताकद जाते. म्हणून तेथे बॅटरी घेताना वेष्टनावरील ‘कोल्ड क्रँकिंग’चा आकडा प्रथम पाहतात, तो आकडा याच उणे 18 अंशांवर मोजलेला असतो. रिकामी बॅटरी कडक थंडीत गोठूही शकते. गोठलेल्या बॅटरीला केबल जोडणे वा ती चार्ज करणे अत्यंत धोकादायक असते, हे त्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

जवळचे फेरे आणि न दिसणारी गळती

व्यापाऱ्याच्या मोटारीचा दिनक्रम पाहावा. घर ते मंदिर, मंदिर ते बाजार समिती, तेथून खळे, मग बँक, मग पेढी. प्रत्येक फेरा दोन-तीन किलोमीटरचा. दिवसातून सात-आठ वेळा सेल्फ, आणि दर वेळी इंजिन जेमतेम पाच मिनिटे चालते. त्यातच दिवे, मागील काचेची तार आणि हवेचा पंखा सुरू. गार बॅटरी वीज सावकाश स्वीकारते. त्यामुळे एवढ्या थोड्या वेळात भरणा पूर्ण होत नाही. आठवड्यातून एकदा तरी मोटार सलग अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालली पाहिजे.

दुसरी गळती मोटार उभी असताना होते. घड्याळ, कुलूप-यंत्रणा, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम ही मंडळी झोपत नाहीत. त्यांनी मिळून केवळ 50 मिलीअँपिअर घेतले, तरी दिवसाला 1.2 अँपिअर-तास खर्च होतात. सम्मेदशिखरजीची यात्रा आणि वाटेतील तीर्थे करून कुटुंब वीस दिवसांनी परतले, तर 24 अँपिअर-तास गेलेले असतात. 45 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा निम्म्याहून अधिक भाग होय. चुकून सुरू राहिलेल्या चार पार्किंग दिव्यांचा हिशोब तर एका रात्रीचा आहे: 5 वॅटचे चार दिवे दहा तासांत सुमारे 17 अँपिअर-तास पितात.

दीर्घ यात्रेपूर्वी बॅटरीची ऋण केबल सोडवून ठेवणे हा जुना आणि चांगला उपाय आहे. मात्र नव्या मोटारींत त्यामुळे घड्याळ, संगीतयंत्र आणि खिडक्यांची नेमणूक पुसली जाते. म्हणून माहितीपुस्तिका आधी पाहावी. घरात कोणी मोटार चालविणारे असेल, तर आठवड्यातून एकदा एक फेरी मारण्यास सांगणे अधिक सोयीचे.

महिन्यातून एकदा

यासाठी यंत्रज्ञान लागत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीच्या बॅटरीवर सकाळी साधा मल्टिमीटर लावावा. 12.6 व्होल्ट वा अधिक म्हणजे ती पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे सुमारे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, 12.0 म्हणजे जवळजवळ रिती. इंजिन सुरू असताना हाच आकडा साधारण 13.8 ते 14.4 च्या दरम्यान हवा. तो तसा नसेल, तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा असू शकतो. काही नव्या मोटारींत संगणक हा आकडा कमी-अधिक करतो. शंका आल्यास जाणत्या वायरमनला दाखवावे.

टर्मिनलवर पांढरा वा हिरवट थर दिसला, तर केबल काढून, पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून जुन्या ब्रशने तो धुवावा, कोरडे करून वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. केबल काढताना ऋण आधी, बसविताना धन आधी. झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर पाण्याची पातळी खुणेपर्यंत ठेवावी. त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे वा विहिरीचे पाणी क्षार आणते. ॲसिड तर कधीही वरून घालू नये. उडून जाते ते पाणी, आम्ल आतच राहते. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या मोटारींना विशेष प्रकारची बॅटरी लागते. तिच्या जागी साधी, स्वस्त बॅटरी बसविणे म्हणजे वर्षभरात दुसरी खरेदी ओढवून घेणे होय.

खरेदीच्या वेळी निर्मितीचा महिना पाहावा आणि पक्के बिल व वॉरंटीपत्र जपून ठेवावे. पुष्कळ बॅटऱ्यांची वॉरंटी दोन टप्प्यांची असते: पहिल्या काळात बॅटरी मोफत बदलून मिळते, दुसऱ्या काळात किमतीत केवळ काही टक्के सूट. दोन्ही टप्प्यांच्या तारखा दिवाळीच्या वहीपूजनानंतर नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्यास त्या विसरल्या जात नाहीत.

घाईतील अपघात

बॅटरी भरली जाताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले, की एक ठिणगी पुरते. दुसऱ्या मोटारीवरून केबल जोडताना म्हणूनच क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही इंजिने बंद ठेवून लाल केबल प्रथम बंद पडलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचे टोक बंद मोटारीच्या बॅटरीला न लावता, तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. शेवटची ठिणगी त्यामुळे वायूपासून लांब पडते. मग चांगली मोटार सुरू करावी आणि काही मिनिटांनी दुसरी. केबल काढताना क्रम नेमका उलटा.

बाजार समितीच्या आवारात आणखी एक मोह असतो, तो ट्रकचा. मोठ्या ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट तयार केलेले असतात. मोटार त्याला जोडली, तर तिचा संगणक आणि इतर नाजूक उपकरणे जळू शकतात. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड मोटारींतही एक छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते आणि ती बसली तर तीही मोटार उघडत वा सुरू होत नाही. मात्र अशा मोटारीवरून इतरांना वीज देण्यास माहितीपुस्तिकेत परवानगी असल्याखेरीज केबल जोडू नये. ढकलून सुरू करण्याचा उपाय ऑटोमॅटिक मोटारीला लागू पडत नाही.

बॅटरीजवळ हात घालण्यापूर्वी अंगठ्या, कडे आणि घड्याळ उतरवावे. सोन्याची अंगठी आणि पाना यांतून धन टोक आणि मोटारीचा पत्रा जोडले गेले, तर अंगठी क्षणात तापून बोट भाजते. आम्ल डोळ्यांत उडाल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवत राहावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. हेच पथ्य पेढीतील इन्व्हर्टरच्या बॅटरीला लागू आहे. तिच्याजवळ देवाचा दिवा वा उदबत्ती ठेवू नये आणि ती बंद कपाटात कोंडू नये.

इतर चुका लहान दिसतात. गोठल्यासारख्या झालेल्या काचेवर कढत पाणी ओतले, तर काच तडकते. काचेवर आतून बाष्प धरले, तर ओढणीने पुसत बसण्यापेक्षा बाहेरची हवा आत घेऊन एसी लावावा. काच लवकर निवळते. टायरमधील हवा थंडीत आपोआप कमी होते, म्हणून ती सकाळी, मोटार चालविण्यापूर्वी मोजावी. चावीतील छोटी बटण-बॅटरी संपली, तर बहुतेक चाव्यांच्या पोटात एक धातूची किल्ली दडलेली असते. तिची जागा आजच पाहून ठेवावी. आणि बंद गॅरेजमध्ये ‘इंजिन तापू दे’ म्हणून मोटार सुरू ठेवणे हा जीवघेणा प्रकार आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोप येतेय असे वाटेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

बोनेटखालचा आश्रित

थंडीत इंजिनाची ऊब हा मुक्या जीवांचा निवारा होतो. मांजराची पिल्ले, खारी बोनेटखाली किंवा चाकाच्या वरच्या पोकळीत येऊन बसतात. किल्ली फिरली, की पंखा आणि पट्टे फिरू लागतात आणि जीव जातो. यासाठी लागतात केवळ दहा सेकंद: मोटारीभोवती एक फेरी, खाली एक नजर आणि बोनेटवर हाताची दोन-तीन थापटी. उंदीर वायर कुरतडतात तेव्हा विषाच्या गोळ्या सुचविणारे पुष्कळ भेटतात. जैन घराला तो मार्ग नाही. मोटारीत खाण्याचे कण राहू न देणे, धान्याच्या गोदामालगत मोटार उभी न करणे, ती रोज हलविणे आणि शक्य तेथे जाळी बसविणे हे उपाय कोणाचाही जीव न घेता उपयोगी पडतात.

पहाटे मोटार काढणाऱ्याने आणखी एक भान ठेवायचे आहे. याच दिवसांत साधू-साध्वी महामार्गांच्या कडेने विहार करीत असतात. धुके, धूसर काच आणि मंद दिवे यांच्यापुढे पांढरी वस्त्रे किंवा मयूरपिच्छी उशिरा दिसते. काच पूर्ण निवळेपर्यंत दोन मिनिटे थांबणे आणि दिवे नीट पेटत आहेत याची खात्री करणे, याचे मोल तेथे कळते.

जुन्या पेटीचे काय करावे

मोटारीच्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. म्हणूनच तिला भंगारातही भाव येतो. नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनीची काही रक्कम वळती करतो. दारावर येणारा भंगारवाला कधी त्याहून चार पैसे अधिक देऊ करतो, बिल नाही, विचारपूस नाही. व्यापारी मनाला तो सौदा बरा वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न पुढचा आहे. अशी बॅटरी पुष्कळदा एखाद्या वस्तीत कोयत्याने फोडली जाते, आम्ल गटारात वा जमिनीवर ओतले जाते आणि शिसे उघड्या भट्टीत वितळविले जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातील सुमारे दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे, आणि बॅटऱ्यांचे असे बेकायदा वितळणे हे त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही; लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम कायमचा असतो.

भारतात 2001 पासून जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम आहेत, आणि 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांची जबाबदारी अधिक स्पष्ट केली आहे. ग्राहकाने इतकेच करायचे: जुनी बॅटरी अधिकृत विक्रेत्याकडेच द्यावी आणि बिलावर तशी नोंद घ्यावी. ज्यांच्या स्वतःच्या बॅटरीच्या वा सुट्या भागांच्या एजन्सी आहेत, अशी घरे समाजात थोडी नाहीत. परत आलेला माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जाईल, हे पाहणे तर त्यांच्या हातात आहे.

तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या पाच समितींपैकी ईर्या समिती चालण्यातील सावधपणा सांगते, आदाननिक्षेपण समिती वस्तू उचलण्या-ठेवण्यातील, आणि शेवटची उत्सर्ग समिती टाकून द्यायची वस्तू कोठे आणि कशी टाकावी यातील. त्या मुनींसाठी आहेत. श्रावकाला मोटार, पेढी आणि प्रवास सोडता येत नाही; होणारी काही हिंसा त्याच्या व्यवसायाशी बांधलेली आहे. परंतु गरज नसताना, केवळ बेफिकिरीने होणाऱ्या हिंसेला शास्त्रकारांनी प्रमादचर्या म्हणून अनर्थदंडात गणले आहे आणि ती टाळण्याचे व्रत श्रावकालाच दिले आहे. बोनेटवर थाप न मारणे, धूसर काचेने रस्त्यावर येणे, चार पैशांसाठी शिसे एखाद्या अनोळखी वस्तीतील मुलांच्या श्वासात पाठविणे, ही सारी त्याच खात्यातील नावे आहेत. ती या हिवाळ्यात कमी करता येतील, आणि त्यासाठी खर्च जवळजवळ काहीच नाही.